तीन जुने टीव्ही : दुरुस्ती की भंगार? कामाच्या नोंदी

३ जानेवारी २०२६

वाचनालयाच्या सभागृहासाठी देणगी म्हणून आलेले तीन बंद संच. गरज एका चालू संचाची.

अ : २१ इंची, पिक्चर ट्यूबचा, २००४ च्या सुमाराचा. आवाज येतो, पडद्याच्या मधोमध एकच आडवी पांढरी रेघ.
ब : ३२ इंची एलसीडी, २०१० चा. मागचा उजेड (बॅकलाइट) सीसीएफएल म्हणजे बारीक फ्लुरोसंट नळ्यांचा. चित्र येतं, पण डाव्या अर्ध्या भागात उभे पट्टे.
क : ३२ इंची एलईडी, २०१५ चा, स्मार्ट नाही. आवाज व्यवस्थित, पडदा काळा.

साधा ३२ इंची नवा संच आज दहा हजारांच्या आसपास मिळतो. म्हणून एका संचावर सुटे भाग आणि मजुरी धरून तीन हजारांची मर्यादा. ती संच उघडण्याआधीच लिहून ठेवायची. एकदा उघडला की दोनशेचा भाग, मग तीनशेचा, असं होत बेरीज कुठे गेली ते कळत नाही, आणि घातलेले पैसे वाया जाऊ नयेत म्हणून आणखी घातले जातात.

तपासण्याचा क्रम : आधी पॅनेल (चित्र तयार करणारी काच) किंवा ट्यूब, मग पॉवर सप्लाय, मग बाकीचं. टीव्हीची निम्म्याहून जास्त किंमत पॅनेलमध्ये असते आणि जुन्या मॉडेलचं नवं पॅनेल सुटं घेणं परवडत नाही. पॅनेल गेलं असेल तर बाकी सगळं ठणठणीत असून उपयोग नाही. बरेच जण उलट करतात : सप्लाय दुरुस्त करतात, मेन बोर्ड बदलतात, आणि शेवटी चित्र आल्यावर पडद्यावरची रेघ दिसते.

तिन्ही संच आज बंद ठेवूनच पाहिले. काचेला तडा नाही, आत पाणी गेल्याच्या खुणा नाहीत, जळका वास नाही. ब आणि क यांच्या पॅनेलमागच्या स्टिकरचे फोटो काढले. पुढे कोणताही भाग घ्यायचा तर टीव्हीच्या मॉडेलपेक्षा पॅनेलचा नंबर जास्त कामाचा, कारण एकाच मॉडेलमध्ये कंपन्या वेगवेगळी पॅनेलं बसवतात.

४ जानेवारी

ब आधी घेतला. त्यात पॅनेलचाच संशय होता, आणि जो संच बाद व्हायचा तो लवकर बाद झालेला बरा.

पट्टे तीन ठिकाणांहून येऊ शकतात : मेन बोर्डाकडून टी-कॉनकडे चित्राचा सिग्नल नेणारी एलव्हीडीएस केबल, टी-कॉन म्हणजे तो सिग्नल पॅनेलला वाटणारा बोर्ड, किंवा पॅनेलच्या कडेचे टॅब. केबल आणि बोर्ड स्वस्तात निभावतात, टॅब नाही.

पहिली खूण : संचाचा स्वतःचा मेनू उघडला. पट्टे मेनूवरही जसेच्या तसे, म्हणजे दोष बाहेरून येणाऱ्या सिग्नलमध्ये नाही. एलव्हीडीएस केबल काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून परत बसवली, फरक नाही. टी-कॉनवर मल्टिमीटर लावून मोजलेले व्होल्टेज : इनपुट १२.१, आणि टी-कॉन पॅनेलसाठी तयार करतो ते एव्हीडीडी १५.६, व्हीजीएच २७, व्हीजीएल उणे ६, व्हीकॉम ६.४. सगळे जागच्या जागी. टी-कॉनकडून पॅनेलला दोन रिबन जातात. संच बंद करून डावी रिबन काढली, परत चालू केला : डावा भाग पूर्ण गेला, उजवा स्वच्छ. म्हणजे दोष डाव्या अर्ध्यातच अडकलेला आहे.

शेवटची खूण निर्णायक. पडद्याच्या वरच्या कडेवर, डावीकडे, बोटाने अगदी हलका दाब दिला की पट्टे बदलतात, काही क्षणभर जातात. हा टॅबचा दोष. टॅब म्हणजे काचेच्या कडेला चिकटवलेली लवचिक पट्टी. तिच्यावरच चालक चिप असते आणि तिथून काचेत शेकडो बारीक वाहक रेषा जातात. उष्णतेने आणि दमटपणाने तिथला वाहक चिकट थर सुटतो. सोल्डरिंग आयर्नने तो परत बसत नाही. त्यासाठी ठरावीक तापमान आणि दाब देणारं बाँडिंग मशीन लागतं. हे काम करून देणारे आहेत, पण जुन्या पॅनेलचा एक टॅब सुटला म्हणजे शेजारचेही त्याच वयाचे असतात. कागदाची घडी कडेला खुपसून दाब देण्याची युक्ती सर्रास केली जाते. काही आठवडे चालते, मग तडा जातो तो काचेलाच.

शिवाय हा संच चालू असताना ११५ वॉट घेतो. त्याच मापाच्या एलईडी संचाला ३५ ते ४० पुरतात. रोज सहा तास लावला तर महिन्याला जवळपास १४ युनिटांचा फरक.

ब बाद. खर्च शून्य. काढून ठेवलेलं : पॉवर सप्लाय बोर्ड, टी-कॉन, दोन स्पीकर, एलव्हीडीएस केबल, स्टँड, सगळे स्क्रू. सीसीएफएल नळ्यांना हात लावला नाही. त्यात पारा असतो आणि पेन्सिलीपेक्षा बारीक नळी काढताना हमखास फुटते.

६ जानेवारी

क. आवाज आहे आणि पडदा काळा आहे, तेव्हा पहिली तपासणी बिनखर्चाची : खोलीत अंधार करून पडद्याला अगदी जवळून, तिरपा टॉर्च मारायचा. मेनू उघडा ठेवला होता. त्याची अक्षरं पुसट पण स्पष्ट दिसली. म्हणजे पॅनेल चित्र तयार करतंय, मागचा उजेड नाही. पडदा चारही बाजूंनी टॉर्चने पाहिला. रेघ नाही, डाग नाही. हा संच पुढे न्यायचा.

चालू करताच पडदा क्षणभर उजळतो आणि विझतो, हेही दिसलं. ही मोठी खूण आहे, खाली येते.

मागचं झाकण काढलं. इथे सावधानता हवी. सप्लायच्या प्रायमरी (घरच्या विजेकडच्या) बाजूच्या मोठ्या कॅपॅसिटरवर २३० व्होल्टचे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठतात आणि प्लग काढल्यावरही राहू शकतात. मोजून पाहायचे, असतील तर २ किलोओम ५ वॉटच्या रेझिस्टरमधून उतरवायचे, परत मोजायचे. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून उतरवायची सवय वाईट. कॅपॅसिटरही दुखावतो आणि ट्रॅकही. प्रायमरीचं ग्राउंड आणि सेकंडरीचं ग्राउंड वेगळं असतं. मीटरची काळी पिन चुकीच्या बाजूला लावली तर आकडे निरर्थक येतात, आणि चॅसीला हात असेल तर झटका.

पहिला पॉवर संचाच्या सिरीजमध्ये जोडलेल्या १०० वॉटच्या बल्बमधून. बल्ब एकदा चमकून मंद झाला, म्हणजे प्रायमरीत शॉर्ट नाही. पूर्ण उजेडाने पेटून राहिला असता तर ब्रिज डायोड किंवा स्विचिंग मॉसफेट शॉर्ट समजायचा आणि तिथेच थांबायचं. एवढी खात्री झाल्यावर बल्ब काढला, कारण लोड आल्यावर त्याच्यामुळे व्होल्टेज पडतो आणि नसलेले दोष दिसू लागतात.

आकडे : स्टँडबाय ५.१, मुख्य १२.२, बॅकलाइट ड्रायव्हरला (मागच्या एलईडींना वीज देणाऱ्या भागाला) जाणारे २४. मेन बोर्डाकडून येणाऱ्या बीएल-ऑन पिनवर ३.२ व्होल्ट. म्हणजे मेन बोर्ड उजेड मागतोय. ड्रायव्हरच्या आउटपुटवर चालू करताच व्होल्टेज २४ वरून ९० च्या पुढे चढतो आणि सेकंदाच्या आत परत २४ वर येतो. याचा अर्थ ड्रायव्हर जिवंत आहे. त्याला लोड सापडत नाही, व्होल्टेज वाढवत नेतो, मर्यादा ओलांडली की प्रोटेक्शन घेतो, म्हणजे स्वतःला बंद करतो. आउटपुट २४ वरून हललाच नसता तर संशय ड्रायव्हर आयसी, मॉसफेट किंवा कॉइलवर गेला असता. इथे संशय सरळ पडद्यामागच्या एलईडीच्या पट्ट्यांवर. अशा संचात सगळे एलईडी एकामागे एक सिरीजमध्ये असतात, एक ओपन झाला, म्हणजे आतून तुटला, की सगळे विझतात.

सप्लाय बोर्डावर ५ व्होल्टच्या लाइनवरचा १००० मायक्रोफॅरड १० व्होल्टचा कॅपॅसिटर वरून किंचित फुगलेला. आकडा बरोबर येत असला तरी हा बदलायचाच. तोच नंतर संच स्टँडबायमध्ये अडकवतो. १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्ट, १०५ अंशांचा, लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला) बसवणार. मायक्रोफॅरड तेवढेच ठेवायचे, व्होल्ट वाढवले तर चालतात. उंची मात्र आधी मोजायची, झाकणाला टेकता कामा नये.

याच टप्प्यावर मेन बोर्ड मेलेला निघाला असता तर काय, हेही ठरवून ठेवलं होतं. ३२ इंची एचडी पॅनेलला युनिव्हर्सल मदरबोर्ड हजार-बाराशेत बसतो. पण त्यावर पॅनेल व्होल्टेजचा जंपर असतो : ३.३, ५ किंवा १२. पाच व्होल्टच्या पॅनेलला १२ दिले की टी-कॉन त्याच क्षणी जातो. म्हणून स्टिकरवरचा नंबर आधी. नंतर एलव्हीडीएसचा प्रकार आणि त्या पॅनेलचं सॉफ्टवेअर. हे जुळत नसेल तर बोर्ड घेऊच नये.

७ जानेवारी

पट्ट्यांची खरेदी पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीतून. पण खरेदीआधी पॅनेल उघडून जुन्या पट्ट्या पाहणं हाच योग्य क्रम. मॉडेल सांगून आणलेल्या पट्ट्या जुळत नाहीत.

पॅनेल उघडणं हा या कामातला सगळ्यात नाजूक भाग. दोन माणसं लागतात. ब संचात जो दोष आपोआप झाला तो इथे हाताने करता येतो.

टेबलावर जाड घोंगडी, तिच्यावर धुतलेली सुती चादर, संच पालथा. टी-कॉनच्या रिबन काढल्या. पॅनेलच्या कडेची लांब सोर्स पट्टी (टॅब ज्याला जोडलेले असतात तो अरुंद बोर्ड) जिथे स्क्रूने बांधलेली असते तिथून मोकळी केली. ती चॅसीला अडकून राहिली आणि काच उचलली तर टॅब फाटतात. मग संच उताणा करून पुढची चौकट आणि धातूची पातळ कड काढली. काच उचलताना चार हात, सोर्स पट्टी काचेच्या पातळीतच, लोंबकळू द्यायची नाही. कोपऱ्याने कधीच उचलायची नाही. काच वेगळ्या टेबलावर, चादरीवर, वरून दुसरी चादर. हातात पावडर नसलेले मोजे. बोटाचा तेलकट ठसा पोलरायझरवरून (काचेवरच्या फिल्मवरून) नीट निघत नाही.

काचेखाली तीन फिल्म आणि एक जाड डिफ्युझर (उजेड पसरवणारी पाटी). यांचा क्रम आणि दिशा बदलली तर उजेड ठिगळांसारखा दिसतो. चारही थरांच्या एकाच कोपऱ्यावर कागदी टेपची खूण केली आणि गठ्ठा एकत्र उचलला. पंखा बंद ठेवला होता. फिल्ममध्ये शिरलेला धुळीचा कण पुढे रोज दिसतो.

पांढऱ्या रिफ्लेक्टरखाली तीन पट्ट्या, प्रत्येकीवर सात एलईडी. बॅकलाइट टेस्टर लावून एकेक तपासली. वरची : सगळे सात पेटले, २०.९ व्होल्ट. मधली : पेटत नाही, चौथ्या एलईडीच्या मध्यावर काळा ठिपका, तोच ओपन. खालची : १८.१ व्होल्ट, सहाच पेटले, एक शॉर्ट. वरच्या पट्टीतही दोन एलईडींचा पिवळा फॉस्फर करपलेला आणि उजेड निळसर.

एकटा मेलेला एलईडी बदलावा का? दहा रुपयांत काम होतं आणि संच त्याच दिवशी चालू होतो. आमचं मत स्पष्ट आहे : नको. एकवीसच्या एकवीस एलईडी सारखेच तास, सारख्याच करंटवर, सारख्याच उष्णतेत चालले आहेत. एक नवा टाकला की पुढचा जुना लवकरच जातो आणि काच पुन्हा उचलावी लागते. खरी जोखीम एलईडीच्या किमतीत नाही, काच उचलण्यात आहे. म्हणून एकदाच उघडायचं आणि तिन्ही पट्ट्या बदलायच्या.

नोंदवून घेतलेलं माप : पट्टीची लांबी, एलईडींवरच्या दोन भिंगांमधलं अंतर, स्क्रूची भोकं, प्लगच्या पिना आणि बाजू, पट्टीवर छापलेला कोड, एलईडी ३ व्होल्टचे. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. दिसायला सारख्याच, पण ६ व्होल्टच्या एलईडींच्या पट्ट्याही मिळतात. त्या लावल्या तर एकूण १२६ व्होल्ट लागतील, ड्रायव्हर तिथपर्यंत पोहोचण्याआधीच प्रोटेक्शन घेईल, आणि दोष ड्रायव्हरवर ढकलला जाईल.

८ जानेवारी

तीन पट्ट्यांचा संच ५५० रुपये. फायबरच्या स्वस्त पट्ट्याही दाखवल्या गेल्या, घेतल्या नाहीत. ॲल्युमिनियमच्या पट्टीतून उष्णता मागच्या पत्र्यात जाते, फायबरमध्ये ती एलईडीखालीच साठते. दोन्ही बाजूंनी चिकटणारी थर्मल टेप ६०, कॅपॅसिटर १०.

बसवण्याआधी प्रत्येक नवी पट्टी टेस्टरवर दहा मिनिटं. तिन्ही २१.३ ते २१.५ व्होल्ट. एका पट्टीवरचं एक भिंग बोटाने हलत होतं. असं भिंग पुढे गळून पडतं आणि पडद्यावर चंद्रासारखा पांढरा गोळा दिसतो. भिंगाच्या तिन्ही पायांना इपॉक्सीचा थेंब लावून रात्रभर वाळवलं. सायनोॲक्रिलेट म्हणजे झटपट चिकटणारा गोंद इथे वापरू नये. त्याच्या वाफेने भिंगावर पांढरट थर धरतो.

९ जानेवारी

जुने एलईडी का मेले, याचं उत्तर आज ड्रायव्हरच्या करंटमध्ये मिळालं. हे न पाहता पट्ट्या बदलल्या की नव्याही त्याच वाटेने जातात.

सेन्स रेझिस्टर (ज्यांच्यावरून ड्रायव्हर करंट ठरवतो) तीन, प्रत्येकी ३.३ ओम, समांतर. एकूण १.१ ओम. नव्या तिन्ही पट्ट्या जोडून त्यांच्यावर मोजलेला व्होल्टेज ०.५. म्हणजे करंट ४५५ मिलिॲम्पिअर. १ वॉट, ३ व्होल्टच्या एलईडीला ३५० च्या आसपास सोसतात. दुकानात पडदा झगझगीत दिसावा म्हणून करंट चढवून ठेवलेला असतो, त्याची किंमत एलईडीच्या आयुष्याने भरली जाते.

तीनपैकी एक रेझिस्टर काढला. उरलेले दोन मिळून १.६५ ओम, करंट ३०३ मिलिॲम्पिअर. एक तृतीयांश कमी. डोळ्याला उजेड तेवढा कमी वाटत नाही. सभागृहात ट्यूबलाइटखाली पुरेसा. थेट ऊन येणाऱ्या खोलीत मात्र हा बदल करू नये. मेनूमधून बॅकलाइट कमी करणं हा पर्याय आहे, पण बहुतेक संचांत त्यामुळे उजेड वेगाने चालू-बंद होतो, शिखराचा करंट तोच राहतो. रेझिस्टरने खरा करंट उतरतो.

दोन रेझिस्टर काढले तर १५२ मिलिॲम्पिअर, आणि पडदा मळकट. तिथपर्यंत जाण्याची गरज नाही.

जोडणी उलट क्रमाने. काच बसवण्याआधीच पट्ट्या पेटवून पाहिल्या, एकवीस एलईडी सारखे. नंतर फिल्म, काच, सोर्स पट्टी, रिबन. रिबनची कुलूपपट्टी पूर्ण खाली गेली का ते दोनदा पाहिलं. अर्धवट बसलेली रिबन बमधल्यासारखेच पट्टे दाखवते आणि उगाच पॅनेल गेल्याची भीती घालते. चित्र आलं. पांढऱ्या, करड्या, लाल, हिरव्या, निळ्या सपाट पडद्यांवर तपासलं : रेघ नाही, ठिगळ नाही, उजवीकडे खाली एक मेलेला पिक्सेल.

१० जानेवारी

क सलग आठ तास चालवला. वीज ३३ वॉट. चार तासांनी पट्टीमागच्या पत्र्याचं तापमान ४६ अंश, खोली २७. सप्लायचा हीट सिंक ५२. गरम संच बंद करून लगेच चालू, दहा वेळा, अडखळला नाही. गरम असतानाचं हे चालू-बंद विसरू नये, ड्राय सोल्डर (नीट न धरलेला सोल्डरचा जोड) तेव्हाच बोलतं.

हिशेब : भाग ६२०, अशा कामाची बाजारातली मजुरी साधारण हजार ते बाराशे. दोन हजारांच्या आत. निर्णय : दुरुस्त.

११ जानेवारी

अ. इथे पॅनेलच्या जागी ट्यूब. आडवी रेघ म्हणजे किरणाला आडवं फिरवणारा भाग (हॉरिझॉन्टल) आणि हाय व्होल्टेज चालू आहे, उभं फिरवणारा (व्हर्टिकल) बंद. ब्राइटनेस लगेच उतरवला, नाहीतर ती रेघ फॉस्फरवर कायमची कोरली जाते. रेघ बारीक, पांढरी, चालू केल्यावर काही सेकंदांत पूर्ण उजेडाची. ट्यूब थकलेली असती तर रेघ जाड, पिवळट आणि सावकाश उजळणारी दिसली असती. मग पुढे जायचं नव्हतं.

ट्यूबच्या ॲनोडवर साधारण २५ हजार व्होल्ट. प्लग काढून, ट्यूबभोवतीच्या उघड्या ग्राउंड वेणीला वायरने जोडलेला इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हर रबरी टोपीखाली सरकवून चार्ज उतरवला, काही मिनिटांनी परत. एकदा उतरवूनही थोडा चार्ज परत येतो. मानेवरच्या बोर्डाला धक्का नाही. मान तुटली तर ट्यूब संपली.

व्हर्टिकल आयसी एलए ७८४०. सप्लाय पिनवर शून्य, यायला हवेत २४ ते २६. मागे गेलो तर लाइनमधला फ्युजिबल रेझिस्टर ओपन, आणि आयसीचा आउटपुट ग्राउंडला शॉर्ट. आयसी आणि रेझिस्टर बदलून बरेच जण झाकण लावतात आणि महिन्याभरात तोच संच परत येतो. आयसी मरण्याचं कारण शेजारी असतं : १०० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचा पंप-अप कॅपॅसिटर. तो हीट सिंकजवळ सुकतो, किरण खालून वर परतताना आयसीला पुरेसा व्होल्टेज मिळत नाही, आयसी तापत जातो. काढून मोजला : २२ मायक्रोफॅरड उरलेले. तो १०५ अंशांचा नवा टाकला, आउटपुटचा १००० मायक्रोफॅरडही बदलला, आयसीखाली ताजी थर्मल पेस्ट. फ्युजिबल रेझिस्टर त्याच मूल्याचा आणि फ्युजिबलच. साधा लावला तर पुढच्या शॉर्टला तो तुटत नाही, बोर्ड जळतो. एकूण १४० रुपये.

चित्र पूर्ण आलं. डाव्या कोपऱ्यात जांभळट छटा. ट्यूबचं चुंबकत्व घालवणारी डिगॉसिंग कॉइल थंड पॉझिस्टरवरच (तापला की करंट रोखणारा भाग) पूर्ण काम करते, म्हणून अर्धा तास बंद ठेवून चालू केला. दोनदा केल्यावर छटा गेली.

आता हा ठेवावा का? टीव्ही म्हणून नाही. दूरदर्शनची ॲनालॉग भूप्रक्षेपणं बहुतेक ठिकाणी बंद झाली, केबल डिजिटल झाली, एचडीएमआय नाही. सेट-टॉप बॉक्स एव्ही जोडणीने चालेल, पण उपशीर्षकं वाचता येणार नाहीत. तरी वाचनालयाकडे जुन्या व्याख्यानांच्या व्हीएचएस कॅसेट आहेत. ६२५ रेषांचा इंटरलेस (एकाआड एक रेषांनी येणारा) सिग्नल ही ट्यूब जसाच्या तसा दाखवते. नव्या पडद्यावर तोच ताणला जातो आणि हलत्या कडांना दाते येतात. कॅसेट डिजिटल करताना मूळ चित्र कसं आहे हे पाहायला हा संच हवा. १४० रुपयांत तो राहू द्यावा, त्या कामापुरता.

१३ जानेवारी

ब चं पॅनेल, नळ्यांसकट न फोडता, आणि काढून टाकलेले भाग नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नियमांनुसार हा कचरा तिथेच जायला हवा. भंगारवाला तांबं काढून उरलेलं उघड्यावर टाकतो. पुढे कधी अ बंद पडला तर तोही तिथेच द्यायचा, त्याच्या ट्यूबच्या काचेत शिसं आहे.

क सभागृहाच्या भिंतीवर. ब्रॅकेटचे एम-४ स्क्रू लावताना भोकाची खोली काडीने मोजली : ९ मिलिमीटर. ब्रॅकेटबरोबर आलेले स्क्रू २० चे होते. एका भोकाच्या अगदी मागे सप्लाय बोर्ड आहे, तिथे लांब स्क्रू थेट बोर्डाला टेकला असता. १० चे घेऊन, मध्ये वॉशर टाकून बसवले. प्लगला एमओव्ही (जादा व्होल्टेज शोषणारा भाग) असलेला सर्ज प्रोटेक्टर. मागे भिंतीपासून चार सेंटिमीटर मोकळी जागा.